विमा आहे, फक्त गाडीला नाही

इटलीत गाडी भाड्याने घ्यायची म्हटली, की आपल्याला टस्कनीच्या टेकड्या दिसू लागतात. काउंटरवरच्या माणसाला दिसतं ते तुमचं क्रेडिट कार्ड. डेबिट कार्ड पुढे केलंत, तर तो असा बघतो, जणू तुम्ही गाडी उधारीवर मागितलीत. विमा बहुतेकदा भाड्यातच असतो हो! फक्त गाडीला काही झालं, तर सुरुवातीचा मोठा खर्च तुमचा. आणि काच, टायर, गाडीचा तळ सहसा विम्याबाहेर. खडा नेमका तिथेच लागतो, ही बाब अलाहिदा.

खरी गंमत फ्लॉरेन्समध्ये. जुन्या शहराभोवती ‘झेडटीएल’ नावाची हद्द आहे. परवानगीशिवाय शिरलात, की कॅमेरा नंबर टिपतो. शिटी नाही, हवालदार नाही, ‘साहेब, जरा बघा ना’ म्हणायला समोर माणूसच नाही. पुण्यात कमावलेली सारी विद्या फुकट! मग गाडीवाली कंपनी तुमचं नाव-पत्ता पोलिसांना कळवते आणि या चुगलीचं शुल्क तुमच्याच कार्डावरून कापते. तो दंड नव्हे. दंड वेगळा, परदेशातल्या माणसाला त्याची नोटीस पाठवायला इटलीच्या कायद्याने ३६० दिवसांची मुदत दिली आहे. आपल्या आरटीओने दिलेला आंतरराष्ट्रीय परवाना वर्षभर चालतो, म्हणजे दोघांची मुदत जवळपास एकदमच संपते.

रोमहून फ्लॉरेन्सला वेगवान रेल्वे साधारण दीड तासात पोहोचवते, आणि तिथलं जुनं शहर पायी फिरण्याएवढंच आहे.