जीपचा बंपर घरीच रंगवा (फक्त नवशिक्यांसाठी)

लागणारं साहित्य: एक गंजलेला लोखंडी बंपर, तारेचा ब्रश, ८०, १८० आणि ३२० नंबरचा पॉलिश पेपर, थिनर, प्रायमर, काळ्या रंगाचा स्प्रे कॅन, मास्क, जुनं सुती धोतर आणि दोन दिवस रिकामं घर. शेवटची वस्तू हार्डवेअरच्या दुकानात मिळत नाही, तेव्हा तिची सोय आधी लावा.

बंपरच्या पुढे बुलबार बसवलेला असेल तर रंगाचा बेत तूर्त सोडा. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना या बुलबारांवर कारवाई करायला सांगितलेलं आहे. दंडच भरायचा तर तो गंजक्या बुलबारवरही भरता येतो, वर रंगाचा खर्च कशाला?

आता कॅन हातात घ्या आणि हलवा. आतली गोळी खुळखुळली की काम सुरू झालं असं वाटतं. छान. कॅन खाली ठेवा, त्याची पाळी उद्या येणार आहे.

आजचा दिवस घासण्याचा. पण त्याच्याही आधी बंपर थिनरने पुसायचा आहे. ग्रीस आणि डॅशबोर्ड पॉलिशचा अंश तसाच राहिला, तर पॉलिश पेपर तो घासून घासून ओरखड्यांत भरतो आणि पुढे त्या जागी रंग बसतच नाही, बारीक गोल डोळे पडतात. पुसून झालं की तारेचा ब्रश घ्या. गंजाच्या खपल्या सुटतील, खपलीखाली केशरी भुकटी निघेल आणि भुकटीखाली नख अडकेल एवढाले खड्डे. बहुतेक नवशिक्यांना इथे ‘एवढं चालतंय की’ असा साक्षात्कार होतो. चालत नाही. रंगाखाली राहिलेला गंज थांबत नाही, फक्त दिसत नाही. हाताने दमलात तर ग्राइंडर लावा. त्यासाठी रविवारी दुपारी दोनची वेळ फार सोयीची, सोसायटीचे सेक्रेटरी तेव्हा हमखास घरी सापडतात.

खड्ड्यांतला गंज निघतच नसेल तर रस्ट कन्व्हर्टर लावा. त्यातलं टॅनिक किंवा फॉस्फोरिक आम्ल गंजाशी संयोग पावतं आणि तो भाग काळा पडतो. काळाच रंग द्यायचा होता, झालं की काम, म्हणून इथेच दुकान बंद करणारेही महाभाग असतात.

घासून उघडं पडलेलं लोखंड रात्रभर ठेवायचं नाही. दमट हवेत, विशेषतः कोकणात, सकाळपर्यंत त्यावर पुन्हा केशरी झाक चढते. म्हणून प्रायमर त्याच दिवशी. रेड ऑक्साइड स्वस्त आणि ओळखीचा, आपली सगळी गेटं आणि ग्रिलं त्याच्याच जिवावर उभी आहेत. दगडाधोंड्यांत जाणाऱ्या भागाला मात्र टू-पॅक इपॉक्सी जास्त घट्ट धरतो. त्यातला हार्डनर डब्यावरच्या प्रमाणात घाला. ‘अंदाजे’ हे प्रमाण आमटीला लागू आहे.

दुसऱ्या दिवशी बंपर तारेने टांगा. कपडे वाळत घालायच्या दोरीला नको, त्याची कारणं तुम्हाला घरून कळतील. कॅनमधला दाबाचा वायू पुष्कळदा एलपीजीच असतो, म्हणून स्वयंपाकघराची गॅलरी आणि देवघरातली समई या दोन्हींपासून लांब जा. बंपरवर विंच बसत असेल तर तिच्या अर्थिंगची जागा आणि बोल्टचे आटे टेपने झाका. नाहीतर बंपर देखणा होईल, पण बसणार नाही.

फवारा बंपरच्या बाहेर सुरू करायचा आणि बाहेरच थांबवायचा. अंतर वीतभर किंवा थोडं जास्त, म्हणजे २० ते ३० सेंटीमीटर. जवळून मारलात तर ओघळ, फार लांबून मारलात तर संत्र्याच्या सालीसारखा खरबरीतपणा. पहिल्या हातानंतर खालचा प्रायमर दिसत राहतो आणि नवशिक्याचा धीर सुटतो. तो जागीच उभा राहून कॅन रिकामा करायला बघतो. तुम्ही १०-१५ मिनिटं चहा घ्या आणि मग दुसरा पातळ हात द्या. ओघळ आलाच तर बोटाने पुसू नका. ओघळ नंतर घासून काढता येतो. बोट लावलंत तर ओघळही राहतो आणि ठसाही. एक पथ्य कडक पाळा: अर्धवट वाळलेल्या एनॅमलवर एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग मारू नका. त्याचा जहाल थिनर खालचा थर उचलतो आणि सगळा रंग सुरकुततो. भर पावसात तर एनसी रंग हातातच घेऊ नका. थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, त्यावर हवेतला ओलावा बसतो आणि काळ्यावर पांढुरकी झाक येते.

रंग हाताला कोरडा लागला म्हणजे पक्का झाला असं नाही. एनॅमल पुरता कडक व्हायला आठवडा सहज लागतो. तरी तुम्ही येत्या रविवारी मुळशीकडच्या चिखलात जाणारच आहात, आणि पहिला दगड अगदी दर्शनी बाजूलाच लागणार आहे.

त्या दगडासाठीच घरचा रंग बरा, असं माझं स्पष्ट मत आहे. पावडर कोटिंग दिसतं झकास, पण ते २०० अंशांच्या आसपास तापलेल्या भट्टीत भाजलेलं असतं. ते खरवडलं तर तसाच थर घरी चढवता येत नाही. घरच्या रंगाला ३२० नंबरचा पेपर आणि त्याच कॅनचे दोन फवारे पुरतात. फक्त काम झालं की कॅन उलटा धरा आणि नुसता वायू येईपर्यंत फवारा, नाहीतर पुढच्या वेळी कॅन भरलेला असेल आणि नोझल चोंदलेलं.