कुलूप दिसलं म्हणजे झालं?

‘पत्त्याशेजारचं कुलूप बघा, मगच पासवर्ड टाका.’ पिंपरीच्या संत तुकाराम नगरात वायसीएम रुग्णालयासमोर मोबाइलवर बिल भरणाऱ्या माणसाला हा सल्ला वर्षानुवर्षे मिळत आला आहे. तो बंद करा. सगळी जबाबदारी त्याच्या डोळ्यांवर ढकलायचा हा प्रकार आहे.

त्या कुलपाचा आधार म्हणजे साइटचं प्रमाणपत्र: ही साइट खरीच त्या नावाची आहे, अशी एका संस्थेची सही. आता 2014 चा जुलै आठवा. गूगलच्या नावाची प्रमाणपत्रं गूगलने न मागताच दिली गेली होती. देणारी संस्था आपलीच, केंद्र सरकारची एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र). प्रमाणपत्र देण्याची तिथली यंत्रणाच फोडली गेली होती. चौकशीत 4 खोटी प्रमाणपत्रं सांगितली गेली, 3 गूगलची आणि 1 याहूचं. आणखीही असल्याचं गूगलने जाहीर केलं. विंडोजच्या विश्वासार्ह संस्थांच्या यादीत एनआयसीच्या वरचा, भारताचा प्रमाणपत्र नियंत्रक होता, म्हणून इंटरनेट एक्सप्लोररने ती बिनतक्रार स्वीकारली असती आणि कुलूपही दाखवलं असतं. क्रोमकडे गूगलच्या साइटपुरती जादा तपासणी होती. फायरफॉक्स वाचला, कारण त्याची यादी वेगळी होती आणि तीत हा नियंत्रक नव्हता. कुठला ब्राउझर उघडला, एवढ्यावर तुमची सुरक्षितता ठरत होती!

मावळच्या तलाठ्याने खेडच्या सातबाऱ्यावर सही केली तर कुठलीही बँक तो कागद परत करेल. ब्राउझर करत नाही. यादीतल्या कुठल्याही संस्थेची सही त्याला कुठल्याही साइटसाठी चालते. खोटं प्रमाणपत्र रद्द झालं, तरी ‘रद्द झालंय का?’ या प्रश्नाला उत्तर आलं नाही की बऱ्याच ब्राउझरांनी ते खरंच धरलं. आणि तुमच्या व साइटच्या मधे बसलेला चोर आधी तेच उत्तर अडवतो. हा दोष माहीत असूनही इतकी वर्षं चालवून घेतला, याचा मला राग येतो.

त्या प्रकरणानंतर क्रोमने भारतीय नियंत्रकाची सही gov.in, nic.in अशा मोजक्याच पत्त्यांपुरती मर्यादित केली. तीच मर्यादा आधी का नव्हती? 2018 पासून नवीन प्रमाणपत्राची नोंद जाहीर वहीत असल्याशिवाय क्रोम ते मानत नाही. ही वही कोणालाही फुकट चाळता येते. मग पिंपरी-चिंचवड महापालिकेने आपल्या नावावर कोणी, कधी, कुठलं प्रमाणपत्र काढलं हे दर आठवड्याला त्या वहीत तपासावं आणि करदात्यांना जाहीरपणे सांगावं.