वाचले, समजले, मान्य!

लेखी खोटं बोलायचं तर पूर्वी तहसील कचेरीबाहेर रांग लावावी लागे. स्टॅम्पपेपर, नोटरी, दोन साक्षीदार आणि वर चहापाणी. आता एका चौकोनात टिचकी मारली की ‘वरील सर्व अटी मी वाचल्या असून त्या मला मान्य आहेत’ हे प्रतिज्ञापत्र घरबसल्या पूर्ण. खोटेपणात एवढी सुलभता आणूनही सरकार त्याची जाहिरात करत नाही, याचं नवल वाटतं.

हा विधी सर्वांत भक्तिभावाने पार पडतो तो फुकट ऑनलाइन व्हायरस स्कॅनरपुढे. कॉम्प्युटर मंदावला (ब्राउझरमध्ये चाळीस टॅब उघडे असतात, तो भाग वेगळा) की मराठी माणूस आधी ‘फ्री’ टाइप करतो, मग उरलेलं. आपल्या माणसाच्या खिशातून अँटिव्हायरससाठी पैसे काढणं सोपं नाही. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केलेल्या कैलास काटकरांनी ‘क्विक हील’ विकून ते करून दाखवलं. हा पराक्रम पाठ्यपुस्तकात यायला हवा.

लोक शब्दकोडी सोडवतात, आम्ही असे करार वाचतो. आशय बहुधा एकच. सेवा ‘आहे तशी’ मिळेल. व्हायरस सापडेलच असं नाही, सापडला तर निघेलच असं नाही, आणि निघताना तुमच्या फायली सोबत घेऊन गेला तर आम्ही कोण? कित्येक करार तर बजावतात की हे सॉफ्टवेअर अणुवीज केंद्र चालवायला किंवा विमानाला दिशा दाखवायला वापरू नये. तारापूरच्या वाचकांनी नोंद घ्यावी.

अमेरिकेतल्या पीसी पिटस्टॉप या कंपनीने 2005 च्या सुमारास आपल्या करारात गुपचूप एक कलम घातलं: हे वाचणाऱ्याने आम्हाला ईमेल करावा, खास मोबदला मिळेल, कदाचित पैसेही. चार महिने गेले, तीन हजारांवर डाउनलोड झाले, तेव्हा कुठे एकाचा ईमेल आला. त्याला 1,000 डॉलरचा चेक गेला. वाचनसंस्कृती लोपत चालल्याची चिंता साहित्य संमेलनात दरवर्षी होते. चिंतेऐवजी असा एक चेक ठेवून पाहावा.

अँटिव्हायरस बनवणाऱ्या एफ-सिक्युअरने 2014 मध्ये लंडनात फुकट वाय-फाय लावलं आणि अटींत लिहिलं की वापरणाऱ्याने आपलं पहिलं अपत्य कंपनीला कायमचं द्यावं. सहा जणांनी दिलं. कंपनीने मुलं परत करण्याचं मोठ्या मनाने कबूल केलं.

अव्हास्टचं मन एवढं मोठं नव्हतं. इंटरनेटवर तुमचा पाठलाग करणाऱ्यांना आम्ही रोखतो, असं सांगून अँटिव्हायरस वाटणाऱ्या या कंपनीने लोक काय पाहतात, काय शोधतात हे स्वतःच टिपलं आणि जंपशॉट या उपकंपनीमार्फत शंभराहून अधिक गिऱ्हाइकांना विकलं. जानेवारी 2020 मध्ये पत्रकारांनी हे चव्हाट्यावर आणल्यावर जंपशॉटला टाळं लागलं. फेब्रुवारी 2024 मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 1 कोटी 65 लाख डॉलर भरायला लावले. व्हायरसची बाजू घ्यायची नाही, पण तो बिचारा आत शिरताना आपल्या भल्याचं भाषण तरी करत नाही.

फायली फुकट तपासून देणारं व्हायरसटोटल हे संकेतस्थळ आपल्या अटींत साफ सांगतं की इथे वैयक्तिक माहिती टाकू नका, दिलेल्या फायली सुरक्षा कंपन्यांना दाखवल्या जातात. तरी लोक ‘बघू तरी’ म्हणून ऑफिसची पगारपत्रकं चढवतात. त्यांना हसू नये. 2023 मध्ये खुद्द व्हायरसटोटलच्या कर्मचाऱ्याने चुकून सुमारे 5,600 ग्राहकांची यादी तिथेच अपलोड केली होती.

आपल्याकडे 2023 चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा म्हणतो की संमती मागणारा मजकूर इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत पाहण्याची सोय हवी. म्हणजे आजवर जे इंग्रजीत न वाचता मान्य केलं, ते यापुढे अभिजात मराठीत न वाचता मान्य करता येईल.

तोवर विंडोजमध्ये डिफेंडर आयताच बसलेला आहे, वेगळं काही उतरवून घ्यायला नको. करार अर्थात त्यालाही आहे. कुणी शेवटपर्यंत वाचलाच तर आम्हाला जरूर कळवावं, चेक मात्र मागू नये.