चाकशेठ

जालना जिल्ह्यात आठ तालुके आहेत आणि चाकशेठ आठही तालुक्यांत सापडतो. कुठे त्याची मोसंबीची बाग असते, कुठे बियाण्याचा प्लॉट, कुठे प्लॉटिंग. वय पंचविशी ते चाळिशी. लग्नाची तारीख विचारली तर बायकोकडे बघेल, पण 'पीसीडी किती?' असं झोपेतून उठवून विचारा, 'पाच बोल्ट, 139.7' असं उत्तर येईल. बोल्टांचं हे साडेपाच इंचाचं वर्तुळ जुन्या विलीज जीपपासून चालत आलंय. आजोबांच्या जीपचा हा एवढाच वारसा त्याने मनापासून सांभाळला आहे.

1964 साली अमेरिकेत पॉन्टिअकने मध्यम आकाराच्या गाडीत दांडगं इंजिन बसवून जीटीओ काढली आणि मसल कार म्हणतात ती जात नावारूपाला आली. त्याच वर्षी इकडे जालन्यात बद्रीनारायण बारवाल्यांनी महिको ही बियाण्यांची कंपनी काढली. तिकडे गाडीचा संकर, इकडे बियाण्याचा. पुढे 2002 साली स्कॉर्पिओ आली आणि आमच्याकडची दंडबेटकुळ्यांची हौस भागली. चाकशेठ मात्र अजून तिसरा संकर करतोय. गाडी शेतकऱ्याची, चाकं दुबईच्या शेखाची.

वास्तविक जालना हे गाव लोखंडाचं. इथल्या भट्ट्यांत भंगार वितळून सळई निघते. पण चाकशेठला गाडीखालचं लोखंड बघवत नाही. गाडी दारात आली की पहिल्याच आठवड्यात लोखंडी डिस्का भंगारात जातात. त्या कुठल्यातरी भट्टीतून फिरून त्याच्याच बंगल्याच्या स्लॅबमध्ये आल्या असतील, पण तो हिशेब त्याला कोण सांगणार? नवी, अलॉयची चाकं घ्यायला तो जालना रोडला जातो. हा जालना रोड संभाजीनगरात आहे.

मूळ टायर 235/65 आर 17. त्याच्या जागी 255/45 आर 20. गणित केलं तर दोन्हींची उंची 737 मिलिमीटरच भरते, त्यामुळे किलोमीटरचा काटा खोटं बोलत नाही. हे गणित चाकशेठने तोंडी केलेलं असतं आणि तिथे त्याला मानायलाच हवं. फक्त रिम तीन इंच वाढली, ती रबराच्या जिवावर. टायरची बाजू 153 मिलिमीटरची होती, ती 115 वर आली. खड्डा आणि रिम यांच्यात रबराचा एक मध्यस्थ असतो, त्याला चाकशेठने असा उपाशी ठेवला. मराठवाड्यात!

फिटिंगच्या दिवशी तो दुकानातल्या पोराला श्वास घेऊ देत नाही. नट गोल फिरत आवळू नको, एक सोडून एक आवळ. मशिनगनने नको, हाताने आवळ. बॅलन्सिंगची वजनं बाहेरून दिसता कामा नयेत, आतून चिकटव. शंभरेक किलोमीटर गाडी चालली की नट पुन्हा आवळायचे असतात, म्हणून घरच्यांना घेऊन सकाळी राजूरचा गणपती आणि दुपारी अंबडची मत्स्योदरी. घरच्यांना वाटतं, पोरगा देवाला लागला.

मग पावसाळा येतो. इथली काळी माती पायाला चिकटली तर चप्पल सोडत नाही, ती रिमच्या आतल्या बाजूला बसते आणि वाळते. एका बाजूला पावशेर माती जास्त झाली की ऐंशीच्या पुढे स्टेअरिंग थरथरायला लागतं. दुकानदार आधी माती खरवडायला सांगतो, मग बॅलन्सिंगचे पैसे घेतो. शेवटी चाकशेठने तोडगा काढला. गाडी शेतात न्यायचीच नाही. डांबरीवर उभी करायची आणि बांधाबांधाने चालत जायचं.

घरच्या आबांना हे समजत नाही.

"अरे, खताची चार पोती टाकून आण की गाडीत."

"आबा, टायर लो प्रोफाइल आहे."

"मग हाय प्रोफाइल कोण हाय? मी?"

धुण्याचा सोहळा वेगळाच. फरशीचं ॲसिड वर्ज्य, कारण त्याने रिमचं पॉलिश जातं. लेकराचा शाम्पू, मऊ ब्रश आणि ब्रेकची काळी भुकटी काढायला जुना टूथब्रश. लेकराला त्या दिवशी साबणाने न्हाऊ घालतात.

कायद्याचं म्हणाल तर 2019 च्या दुरुस्तीनंतर गाडीत नियमबाह्य बदल केल्यास प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड आहे, शिवाय सहा महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. कैदेचा भाग चाकशेठ वाचत नाही. चार चाकं म्हणजे चार बदल की एक, यावर मात्र तो चहाच्या टपरीवर तासभर वाद घालू शकतो. चाकं मडगार्डच्या बाहेर दोन बोटं डोकावतात, कारण मागे स्पेसर घातलेत. त्यामुळे उडणारा सगळा चिखल दारांवर बसतो. मग दारं धुवायची.

समृद्धी महामार्ग झाल्यावर त्याच्या चाकांना पहिल्यांदा शोभेसा रस्ता मिळाला. मोटारींना ताशी 120 ची मर्यादा आहे आणि 'बॅलन्सिंग बघून येतो' एवढ्या कारणावर तो सिंदखेडराजापर्यंत जाऊन येतो. तिथेच एकदा डाव्या बाजूचं मागचं टायर बसलं. चोरीच्या भीतीने बसवलेल्या लॉक नटची चावी घरी, देवघरात, दागिन्यांच्या डब्यात. ती येईपर्यंत दोन तास गेले. आली, तर स्टेपनी निघाली मूळची, लोखंडी, काळीकुट्ट. तिला अलॉयचे नट चालेनात. जुने नट डिस्कांबरोबर भंगारात गेले होते. चावी घेऊन आलेल्या मित्राने आपल्या गाडीचे काढून दिले, प्रत्येक चाकाचा एक.

दुसऱ्या दिवशी बदनापूरला साडूच्या घरी लग्न होतं. चाकशेठ सगळ्यांच्या आधी पोचला आणि गाडीची डावी बाजू मंगल कार्यालयाच्या भिंतीला अगदी भिडवून लावली. बायको, दोन पोरं आणि आबा, सगळे ड्रायव्हरच्या बाजूने उतरले. आबा गिअरवरून पाय काढताना काय म्हणाले, ते सनईच्या आवाजात ऐकू आलं नाही.