नऊ फुटी भाला

दुकानात तीन दात्यांचे भाले ओळीने उभे होते. सहा फुटी, सात फुटी, आठ, नऊ. गल्ल्यावरच्या अंकलनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. (हवाईत कुठल्याही वडीलधाऱ्याला अंकलच म्हणतात, त्यामुळे डोंबिवलीच्या माणसाला होनोलुलू परकं वाटत नाही.) न्याहाळणं लवकर उरकलं, कारण मी जेमतेम पाच फूट तीन इंच. त्यांनी सहा फुटी पुढे केला. नवशिक्याला, खडकांच्या कपारीत, एवढाच बरा, म्हणाले. मला झोंबलं. आजोबा मालवणला पागायला जात आणि नातवाने पोराटोरांचा भाला घ्यायचा? नऊ फुटी घेतला.

तो अखंड होता. गाडीच्या काचेबाहेर बराचसा लोंबत होता. लिफ्टमध्ये तिरका घातला, तेव्हा आतल्या आजीबाई पुढच्याच मजल्यावर उतरल्या. घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो टाकला: 'उद्या मासे मारायला!' इथले लोक असं कधी बोलत नाहीत. माशांना ऐकू जातं म्हणे. 'होलोहोलो' म्हणायचं, म्हणजे जरा फिरून येतो. मी तर रत्नागिरीच्या आत्यालाही कळवून बसलो होतो.

या भाल्याला, म्हणजे पोलस्पिअरला, घोडा नाही, चाप नाही. मागच्या टोकाला रबराचा फास. तो अंगठ्याच्या बेचक्यात अडकवायचा, हात काठीवरून पुढे सरकवत रबर ताणायचं आणि मूठ आवळायची. मूठ सुटली की भाला सुटतो. ताण द्यायला हात लांब हवेत, ही गोष्ट मला पाण्यात कळली. त्यात नऊ फुटांची काठी वळवताना पाणी आडवं येतं. डावीकडचा मासा दिसला म्हणून टोक तिकडे नेईपर्यंत तो उजवीकडून माझ्या फिन्स बघून गेला.

शेवटी एक ताआपे थबकला. पिवळा, अंगावर निळे पट्टे. १९५० च्या दशकात बाहेरून आणून सोडलेला, म्हणजे माझ्यासारखाच उपरा. त्याला मारलं तर इथे कुणी हळहळत नाही. कोपरापासून मनगटापर्यंत हात थरथरत होता, पण मासा अगदी टोकाशी होता, शिवाय चांगला दणकट. मूठ सोडली. भाला अलीकडेच संपला आणि वाळूत रुतला. मास्कमधून पाण्यातली वस्तू पाव हिस्सा जवळ आणि एक तृतीयांश मोठी दिसते, हे शाळेत प्रकाशाच्या धड्यात शिकलो होतो. पैकीच्या पैकी मार्क होते.

शेजारी दहाबारा वर्षांची एक पोरगी सहा फुटी घेऊन कपारीत डोकावत होती. तिच्या दोरीला चार ताआपे. भाला उपटायला तिनेच मदत केली, वर मला 'अंकल' म्हणाली.

परवा मुकाट्याने जाऊन सहा फुटी आणला. रविवारी पहाटे तो पाठीमागे धरून दाराशी पोचलो.

"कुठे?" बायको.

"जरा फिरून येतो."

"बरं. येताना फ्रोजन बांगडे आण."