अभ्यास मंडळाच्या सन्माननीय सदस्यांस कृतज्ञतापूर्वक

आदरणीय सर,



पत्रास कारण की, आपले जाहीर आभार मानायचे राहून गेले होते. आपण विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाचे सदस्य आहात आणि त्याच अभ्यासक्रमावरच्या क्रमिक पुस्तकाचे लेखकही. मुलांनी काय शिकायचे हे आपण ठरवता, कोणत्या पुस्तकातून शिकायचे हेही आपणच ठरवता, आणि ते पुस्तक आपल्याच लेखणीतून उतरलेले असते. विद्यार्थ्यांची पायपीट वाचावी म्हणून एकट्या माणसाने एवढा भार वाहायचा, तर मन फार मोठे लागते.

आपल्या तत्परतेला तोड नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचा अभ्यासक्रम २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांत आला, तेव्हा तासिका सुरू होऊनही आम्ही शिक्षक अंतिम मसुद्याची वाट पाहत होतो. तो संकेतस्थळावर चढण्याआधीच आपल्या पुस्तकाचे मुखपृष्ठ आमच्या व्हॉट्सअॅप गटावर येऊन पोचले. ‘नवीन अभ्यासक्रमानुसार’ ही ओळ त्यावर ठळक अक्षरांत होती. दूरदृष्टी म्हणतात ती हीच असावी.

सुधारित आवृत्तीबद्दलही आपले ऋण मान्य करते. तिसरे युनिट पहिले झाले, पहिले चौथ्यावर गेले आणि शेवटी वस्तुनिष्ठ प्रश्नांची काही पाने वाढली. तेवढ्याने थोरल्या बहिणीचे पुस्तक धाकट्या भावाला चालेनासे झाले. जुनी पुस्तके निम्म्या किमतीत घेण्याची मुलांची वाईट सवय आपण एका फटक्यात मोडून काढलीत.

किंमत दोन-अडीचशे रुपये. आपण ती नाममात्र म्हणता, आणि एका पुस्तकापुरती ती असेलही. पण एका सत्रात पाच-सहा विषय असतात आणि प्रत्येक विषयाला आपल्यासारखेच कुणी ना कुणी दाते लाभलेले असतात. शिष्यवृत्तीची रक्कम खात्यावर पडेपर्यंत पुष्कळदा परीक्षाही होऊन जाते. मग एसटीने तालुक्याच्या गावी येणाऱ्या तिघी मैत्रिणी मिळून एक पुस्तक घेतात आणि परीक्षेच्या आदल्या आठवड्यात ते कुणाकडे राहणार यावरून त्यांच्यात अबोला होतो. सहकाराची आणि त्याच्या मर्यादांची ही शिकवण अभ्यासक्रमाबाहेरची आहे, तिचे श्रेयही आपलेच.

आपली संदर्भ ग्रंथांची यादी मी आदराने वाचते. पहिल्या क्रमांकावर आपले पुस्तक. दुसऱ्यावर आपल्या सहलेखकांचे. त्याखाली दोन परदेशी ग्रंथ, ज्यांची एकुलती प्रत ग्रंथालयाच्या कुलूपबंद कपाटात ‘फक्त संदर्भासाठी’ असा शिक्का मिरवत उभी असते. कुणालाही, कुठेही, एक पैसा न देता उघडता येईल असे पुस्तक मात्र त्या यादीत नाही. विद्यार्थ्यांना निवडीचा त्रास होऊ नये, ही आपली काळजी मी ओळखून आहे.

तरीही आज धाडस करून त्या गाळलेल्या पुस्तकांबद्दल बोलते. अमेरिकेत ह्यूस्टनला राइस विद्यापीठ आहे. तिथल्या ओपनस्टॅक्स या उपक्रमाने २०१२ मध्ये पहिली महाविद्यालयीन पाठ्यपुस्तके काढली, ती भौतिकशास्त्राची आणि समाजशास्त्राची होती. आज तिथे रसायन, सूक्ष्मजीवशास्त्र, संख्याशास्त्र, अर्थशास्त्र, मानसशास्त्र असे बहुतेक विषय आहेत. कलन गणितावर उभे असलेले विद्यापीठीय भौतिकशास्त्र तीन खंडांत आहे, उदाहरणांसह आणि गणितांसह. बीएस्सीच्या पहिल्या वर्षाची मुलगी ते मोबाइलवर उतरवून घेऊ शकते. आपण एक ओळ लिहिली असती, तर तिला हे कळले असते.

फुकट मिळते ते वाचायचे आणि सोडून द्यायचे, एवढ्यावर हे थांबत नाही. या पुस्तकांवर क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना असतो. मूळ लेखकाचे श्रेय द्या, मग प्रती काढा, वाटा, बदला, मराठीत आणा. काही पुस्तकांना ‘व्यापारासाठी वापरू नका’ अशी अट असते, आणि आपल्याला ही पुस्तके का रुचली नाहीत याचा थोडा उलगडा मला त्या अटीपाशी होतो.

समाजशास्त्राचे उदाहरण घ्या. त्या पुस्तकातली उदाहरणे अमेरिकेची आहेत, हा आपला आक्षेप अगदी रास्त. परवान्याने नेमकी तीच दुरुस्ती आपल्या हाती दिली आहे. स्थलांतराच्या प्रकरणात बीडहून दरवर्षी कोयता घेऊन बाहेर पडणारी ऊसतोड कुटुंबे येऊ द्या, सामाजिक स्तरीकरणात जात येऊ द्या. आपल्या शेजारच्या गावावर लिहिलेले प्रकरण वाचताना विद्यार्थी जसे सरसावून बसतील, तसे कोणत्याही गाइडने बसणार नाहीत. ही कुटुंबे निघतात ते बीडचे आणि पोचतात ते सांगलीचे, अशी दोन्ही जगे आपण पाहिली आहेत. ते प्रकरण आपण लिहावे, असे मला मनापासून वाटते.

वाणिज्य शाखेतही हेच. लेखाशास्त्राच्या खुल्या पुस्तकाचा पहिला खंड अमेरिकी नियमांवर चालतो, तो जसाच्या तसा आपल्याकडे चालणार नाही. दुसऱ्या खंडातले व्यवस्थापकीय लेखांकन, म्हणजे परिव्यय, नफा-तोट्याचा समतोल, अंदाजपत्रक, हे मात्र ह्यूस्टनला तेच आणि हिंगोलीलाही तेच. ते घ्यावे, वस्तू व सेवा कराचा भाग आपण लिहावा, म्हणजे पुस्तक पुरे होते. यात कष्ट आहेत. युनिटे खालीवर करण्याच्या कष्टांपेक्षा ते थोडे जास्त आहेत, हे मी मान्य करते.

प्रयोगशाळेत उपकरणे नाहीत म्हणून आपण प्रात्यक्षिकाची वही पुस्तकातून उतरवून घ्यायला सांगता. मुलांचे हस्ताक्षर त्याने सुधारले, त्याबद्दल पालकांच्या वतीने आभार. कोलोरॅडो विद्यापीठाच्या फेट प्रकल्पाची आभासी प्रात्यक्षिके मोफत आहेत आणि त्यांतली बरीच मराठीत आहेत. विद्युतमंडल जोडून, रोध बदलून दिवा कसा मंदावतो हे त्यात मुलांना स्वतः करून पाहता येते. आपल्या पवईच्या आयआयटीचे स्पोकन ट्युटोरियल मुक्त सॉफ्टवेअर शिकवते, तेही मराठी आवाजात. कोपऱ्यात धूळ खात पडलेल्या संगणकांवर एवढे सहज करता आले असते.

झेरॉक्सवाल्याच्या दुकानात ‘या पुस्तकाच्या प्रती काढणे गुन्हा आहे’ असा कागद आपण चिकटवून घेतलात. कायद्याविषयीची आपली आस्था पाहून गहिवरून आले. ऑक्सफर्ड, केम्ब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनीही २०१२ मध्ये दिल्ली विद्यापीठावर आणि तिथल्या झेरॉक्सच्या दुकानावर दावा लावला होता. सप्टेंबर २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो फेटाळला. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये अध्यापनासाठी ठेवलेली मुभा त्या निकालाचा आधार होती. डिसेंबरमध्ये खंडपीठाने काही मुद्दे पुन्हा तपासायला पाठवले, पण ही मुभा मान्यच केली. २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावा मागे घेतला. अभ्यासासाठी चार प्रकरणांच्या प्रती काढता याव्यात म्हणून एका विद्यापीठाला इतकी वर्षे कोर्टात काढावी लागली. खुल्या परवान्याच्या पुस्तकाला हे काहीच लागत नाही, कारण लेखकाने परवानगी आधीच देऊन ठेवलेली असते.

‘मराठीत दर्जेदार साहित्यच नाही,’ असा उसासा आपण प्रत्येक चर्चासत्रात टाकता. तो ऐकून सभागृह हेलावते. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आज संकेतस्थळावर शोधता येतात, म्हणजे भाषांतराला लागणारी संज्ञांची शिदोरी शासनाने बांधून ठेवली आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी वाईत बसून उभा केलेला मराठी विश्वकोश कुणालाही विनामूल्य वाचता येतो. नागपूरच्या महाराष्ट्र विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळाने एके काळी पदवीच्या विषयांवर मराठीत ग्रंथ काढले, आज ते जुन्या ग्रंथालयांत शोधावे लागतात. अशा ग्रंथांची पुढची पिढी कुणी लिहायची, हे आपल्या उसाशानंतर दर वेळी अनुत्तरित राहते.

फुकट ते हलके, असेही आपण म्हणालात. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने २००१ मध्ये आपल्या अभ्यासक्रमांचे साहित्य जगाला मोफत देण्याचे जाहीर केले, तेव्हा त्या संस्थेला हे कुणी सांगितले नसावे. खुल्या साहित्यात चुका असतात, कच्चे साहित्यही पुष्कळ असते, आणि म्हणूनच ते निवडायला आपल्यासारखे अनुभवी डोळे हवेत. पण तिथे सापडलेली चूक कळवता येते आणि परवान्यामुळे स्वतः सुधारताही येते. आपल्या पुस्तकातल्या सोडवलेल्या उदाहरणात एक चिन्ह चुकले आहे, ते आजवरच्या तिन्ही आवृत्त्यांत अखंड टिकून आहे, आणि माझे विद्यार्थी उत्तरपत्रिकेत तीच चूक निष्ठेने लिहितात.

पदोन्नतीचे गुण हे आपले कारण असेल, तर तेही तपासून पाहिले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमावलीत राष्ट्रीय प्रकाशकाने काढलेल्या पुस्तकाला १० गुण आहेत. संपूर्ण अभ्यासक्रमाचे चार भागांतले ई-साहित्य किंवा ई-पुस्तक तयार केले तर १२, आणि पुस्तकाच्या भाषांतराला ८. म्हणजे खुलेपणाने आपले काहीच बुडत नाही, मानधनाचा धनादेश तेवढा वगळून.

सर, आता आभार पुरे झाले, थोडे सरळ लिहिते. पुस्तकावर लेखकाने पैसे मिळवणे यात मला गैर काही दिसत नाही. स्वतंत्र लेखकाचे पोट त्यावरच चालते. आपला पगार मात्र जनतेच्या पैशातून येतो. अभ्यासक्रम ठरवण्याचा अधिकारही आपल्याला जनतेच्या विद्यापीठाने दिला आहे. त्या अधिकाराच्या आधारावर विद्यार्थ्याला एका ठरावीक दुकानाकडे वळवायचे, हे शिक्षकाचे काम नव्हे. सार्वजनिक पैशातून घडलेले शिक्षणसाहित्य खुले असावे, असे युनेस्कोच्या २०१९च्या शिफारशीत म्हटले आहे. ते सांगायला पॅरिसपर्यंत जायची गरज पडू नये, इतकी ती साधी गोष्ट आहे.

आपण उत्तम शिकवता, हेही मला ठाऊक आहे. आपल्या फळ्यावरच्या मांडणीचे फोटो मुले एकमेकांना पाठवतात. आपल्या जुन्या नोट्स आजही हातोहात फिरतात आणि त्या आपल्या पुस्तकापेक्षा सरस आहेत. म्हणूनच हे पत्र आपल्याला लिहिले. ज्याला काही येतच नाही, त्याच्याकडे काही मागता येत नाही.

मागणे एवढेच. पुढच्या बैठकीत प्रत्येक विषयाच्या संदर्भ यादीत किमान एक खुले पुस्तक त्याच्या पत्त्यासह घाला. ज्या सदस्याचे स्वतःचे पुस्तक यादीत असेल, त्याने त्या चर्चेच्या वेळी बाहेर बसावे असा ठराव मांडा. आणि त्या जुन्या नोट्स क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली विद्यापीठाच्या संकेतस्थळावर ठेवा, आपल्या नावानिशी. टंकलेखन आणि मुद्रितशोधन मी करीन, त्याचे मानधन नको.

या पत्राला वेगळे उत्तर पाठवण्याची तसदी घेऊ नये. ते बैठकीच्या इतिवृत्तात वाचायला मिळाले, की पोचले.



आपली नम्र,
तासिका तत्त्वावर शिकवणारी एक प्राध्यापिका