चिल्लई कलानचं वाहन कोणतं?

भोकरात बर्फ दोनच ठिकाणी दिसतो. उन्हाळ्यात रसवंतीवर, आणि मयतीत, लांबचा लेक पोचेपर्यंत. त्यामुळं मी बर्फाकडं चाललोय म्हटल्यावर आईनं भाजी निवडता निवडता विचारलं, "कोण गेलं रे?"

कोणी गेलं नव्हतं. आमच्या गुत्तेदार मित्रांनी मोबाइलवर स्कीइंगचा व्हिडिओ पाहिला होता, एवढंच. पायाला पट्ट्या बांधून एक पोरगी डोंगरावरून सरसर खाली येते, मागं पांढरा धुरळा. "हे आपल्याला जमतंय," गुत्तेदार म्हणाले. त्यांचं वजन नव्वदच्या पुढं, माझं त्याच्या पुढं. तिसरे माझे मेहुणे. ते शाळामास्तर असल्यामुळं रजा शिल्लक किती, यापलीकडं कुठल्याच सहलीचा विचार करत नाहीत.

नियोजन माझ्याकडं आलं. माझं बियाण्या-खताचं दुकान आहे. जूनमध्ये गिऱ्हाइकं बॅग उचलायच्या आधी पाऊस कधी ते विचारतात. मी हवामानाचे नकाशे उघडून सांगतो, ते मान डोलावतात आणि नेमकं उलट करतात. अशानं बऱ्याच जणांचं भलं झालेलं आहे.

गुत्तेदारांचं म्हणणं, गाडीनंच जाऊ. "भैंसा ओलांडा, निर्मळला चव्वेचाळीस नंबरचा हायवे धरा. सीधा श्रीनगर. कोणाला पत्ता विचारायचं काम नाही." यात खोटं काही नाही. त्या रस्त्याचं एक टोक श्रीनगरला आहे, दुसरं कन्याकुमारीला. पण माझ्या कंबरेनं ठराव फेटाळला आणि आम्ही नांदेडहून सचखंड एक्स्प्रेस धरली. या गाडीत वाटेतल्या स्टेशनांवर सेवेकरी डब्यापाशी येऊन लंगर वाढतात. घरून आणलेल्या दशम्या आणि धपाटे तसेच राहिले, पोटं मात्र दिल्लीपर्यंत रिकामी झाली नाहीत.

तारखा मी ठरवल्या होत्या आणि विचार करून ठरवल्या होत्या. काश्मीरच्या हिवाळ्यात 21 डिसेंबरपासून चाळीस दिवस चिल्लई कलान असतो, म्हणजे कडक थंडी. मग वीस दिवसांचा चिल्लई खुर्द, शेवटी दहा दिवसांचा चिल्लई बच्चा. चाळीस दिवसांच्या ऐन मध्यावर गेलं तर बर्फ चुकणार कसा? मृगाचं वाहन म्हैस का बेडूक, हे पंचांग सांगतं आणि त्यावर लोक पेरणीचे बेत करतात. चिल्लई कलानचं वाहन कुठंच दिलेलं नाही. दिलं असतं तर 2024 च्या जानेवारीत ते गाढव निघालं असतं.

जम्मूहून निघताना पहिली शंका आली. रस्ता उघडा होता. हा रस्ता हिवाळ्यात कधी बर्फानं, कधी दरडींनी बंद पडतो म्हणून मेहुण्यांनी दोन दिवसांची जादा रजा टाकलेली. टॅक्सीचे सरदारजी म्हणाले, औंदा रस्ता मक्खन आहे. आम्ही नांदेडचे हे कळल्यावर त्यांनी स्टिअरिंगवरचा हात उचलून कपाळाला लावला. आम्हाला नव्हे, हुजूर साहिबला. तरी पुढचं सगळं अंतर आम्ही जरा ताठ बसलो.

दल सरोवर पाहिलं. मोठं आहे.

गुलमर्गला पोचलो, तर गुलमर्ग पिवळं! गुलमर्गचं मैदानच सुमारे 2,650 मीटरवर आहे, आपल्या कळसूबाईपेक्षा हजार मीटर उंच. तिथं जानेवारीत गवत. सुकलेलं, चपट झालेलं, पण गवत. गुत्तेदार गाडीतून उतरले, कमरेवर हात ठेवून गोल फिरले आणि म्हणाले, "हे तर हदगावकडचं माळरान झालं की हो."

कारण मला माहीत होतं. भूमध्य समुद्राकडून हिवाळ्यात पश्चिमी झंझावात एकामागून एक येतात आणि हिमालयावर बर्फ टाकतात. त्या डिसेंबर-जानेवारीत जोरदार असे आलेच नाहीत. असा एखादा झंझावात खाली दक्षिणेकडं झुकला आणि समुद्राची ओल त्याला मिळाली, की आमच्याकडं गारा. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यानं ते भोगलं आहे. त्या वेळी एक गिऱ्हाईक पिशवीत घाटे झडलेला हरभरा घेऊन दुकानात आला, काउंटरवर ठेवला आणि काहीच बोलला नाही. त्याची उधारी वहीत माझ्यासमोरच उघडी होती. मी चहा सांगितला. दुसरं काय सुचणार होतं?

असो. बर्फ नसला तरी गुत्तेदार पैसे वसूल केल्याशिवाय परतणाऱ्यातले नव्हते. "वर असंल," ते म्हणाले. वर गोंडोला जातो. पहिला टप्पा कोंगडोरीला, दुसरा अफरवटवर, चार हजार मीटरच्या जरा खालीपर्यंत. सावलीला जुन्या, दगड झालेल्या बर्फाचा एक पट्टा शिल्लक आहे अशी बातमी लागली आणि आम्ही भाड्याच्या दुकानात शिरलो.

स्कीचा बूट कोणी पाहिला नसेल तर सांगतो. तो कडक प्लास्टिकचा असतो, घोट्याला वाकत नाही आणि पुढून चार कड्यांनी आवळतात. तो युरोपातल्या पोटऱ्यांसाठी केलेला आहे. माझ्या पोटरीशी त्याचं जमेना. दुकानदारानं गुडघा लावला, मेहुण्यांनी मागून रेटलं, कडी लागली आणि माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. "आता फिट आहे," दुकानदार म्हणाला.

पट्ट्यावर शिकवणाऱ्यानं सांगितलं, थांबायचं असेल तर टोकं आत घ्या, पिझ्झा करा. मेहुण्यांनी वर्गात सांगतात तसं ओरडून सांगितलं, "समोसा, समोसा!" मी टोकं आत घेतली. दोन्ही स्की एकमेकींवर चढल्या, पट्टा संपला, गवत लागलं. गवतावर स्की जागच्या जागी थांबतात. मी थांबलो नाही. हाडं शाबूत राहिली. डाव्या बुटाची वरची कडी मात्र धोंड्यावर आपटून वाकली आणि बूट निघेना.

त्या बुटानं मी गोंडोलातून उतरलो, त्या बुटानं चहा प्यालो. त्या बुटानं लघवीला जाणं हा वेगळा अध्याय आहे. आत दोन थर्मल, त्यावर लोकरी पायजमा, त्यावर भाड्याची विजार, आणि गुडघ्याखाली पाय वाकत नाही. गुत्तेदार दाराबाहेर पहारा देत होते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला माझी हकिगत सांगत होते.

स्लेज ओढणारे बिनकामाचे बसले होते. लाकडी स्लेज भिंतीला उभ्या, हात फेरनच्या आत कांगडीवर. त्या दिवशी साऱ्या गुलमर्गमध्ये एकच काम निघालं होतं आणि ते माझ्या पायात अडकलं होतं. सगळे उठले. एकानं कंबर धरली, दोघांनी बूट धरला, एक जण पान्ह्यानं कडी वाकवू लागला, बाकीचे काश्मिरीत सल्ले देत होते. बूट निघाला तेव्हा मोजाही त्याच्याबरोबर गेला.

मी पैसे काढले. पान्हावाल्यानं घेतले नाहीत. पोराची फी या सीझनवर होती, असं तो बोलता बोलता म्हणाला. मग त्यानं विचारलं, तुमच्याकडं बर्फ पडत नाही, तर लोक कशाची वाट बघतात? मी म्हटलं, पावसाची. नाही आला तर? दुबार पेरणी करतात, मी म्हटलं. एकदा पेरलेलं वाया गेलं की पुन्हा बियाणं घ्यायचं, बहुतेक उधारीवर. "और देता कौन है?" त्यानं विचारलं. मी, असं सांगायला मला जड गेलं. त्यानं कांगडी माझ्या पायांपाशी सरकवली.

आम्ही घरी पोचलो आणि महिनाअखेरीला गुलमर्गला बर्फ पडला. भरपूर पडला. शिकवणाऱ्या पोरानं व्हिडिओ धाडला. गुत्तेदार तो घेऊन तणतणत दुकानात आले. दुकानात धर्माबादकडचा एक शेतकरी उन्हाळी भुईमुगाचं बियाणं न्यायला आलेला. त्यानं मोबाइल हातात घेऊन शांतपणे पाहिला.

"हे वितळून जातंय कुठं?"

"झेलममध्ये," मी म्हटलं.

"अन् झेलम?"

"पाकिस्तानात. 1960 चा करारच आहे तसा."

त्याच्या गावापासून बाभळीचा बंधारा जवळ. सुप्रीम कोर्टाच्या 2013 च्या निकालाप्रमाणं 1 जुलै ते 28 ऑक्टोबर त्याचे दरवाजे उघडे ठेवावे लागतात आणि भर पावसाळ्यातली गोदावरी डोळ्यांदेखत तेलंगणात जाते.

"म्हंजे त्यायचं बी आपल्यावाणीच," तो म्हणाला. "मंग तिकडं दारं कोण उघडतंय?"

मी सिंधू करार समजावून सांगायला लागलो. गुत्तेदारांनी माझं बिलबुक ओढून पालथं केलं आणि गुलमर्गच्या पायथ्याच्या टंगमर्गला एखादा कोल्हापूर पद्धतीचा बंधारा बसेल का, याचा अंदाजपत्रकासकट हिशेब मांडायला घेतला.